जुन्या फोटोतलं मँडोलिन खोटं? जरा थांबा

तो मेसेज एव्हाना तुमच्याकडेही आला असणार. वर एक कोलाज, त्यात अमेरिका आणि इटलीतले सव्वाशे वर्षांपूर्वीचे फोटो, मिशावाले बाप्ये, फुगीर बाह्यांच्या झग्यातल्या पोरी, एखादं अख्खं कुटुंब, आणि जवळपास सगळ्यांच्या हातात मँडोलिन, ते छोटं तारांचं वाद्य. खाली मोठ्या थाटात ‘सत्य’ लिहिलेलं. ते थोडक्यात असं: हे मँडोलिन स्टुडिओवाल्याचं असायचं, येईल त्याच्या हातात तेच द्यायचे, वाजवता कोणालाच यायचं नाही. तेव्हा फोटो काढायला दहा-पंधरा मिनिटं लागायची म्हणून हात स्थिर ठेवायला वाद्य द्यायचे, आणि म्हणूनच कोणी हसत नाही. कितीतरी जणांनी ते उलटं धरलंय, हाच पुरावा. वाद्य श्रीमंतांचं होतं आणि बायकांना वाजवायला परवानगीच नव्हती, म्हणजे बायकांचे फोटो तर शंभर टक्के बनावट. रेडिओ आला आणि हे फॅड एका रात्रीत मेलं. शेवटी हसणारा इमोजी टाकून, आपल्याकडे तर मँडोलिन फक्त सरसोंच्या शेतात उभ्या असलेल्या हीरोच्या हातात आलं.

वाचायला मजा येते, मान्य. पण यातला एक मुद्दा अर्धा खरा आहे आणि बाकीचे पार गंडलेले.

आधी ते पंधरा मिनिटांचं घेऊ, कारण ते नुसत्या सनावळीवरच पडतं. मिनिटं मोजत बसायचा काळ म्हणजे १८३९चा, डॅग्युरोटाइप, म्हणजे फोटो काढायची सुरुवातीची पद्धत, नुकतं आलं होतं तेव्हाचा, आणि तोही पाच-सहा वर्षांत सरला, पोर्ट्रेट मिनिटाच्या आत निघायला लागली. १८५१ला फ्रेडरिक स्कॉट आर्चरने ओल्या काचेची पद्धत आणली, मग काम सेकंदांवर आलं. १८७०च्या दशकाच्या शेवटी कारखान्यात बनलेल्या कोरड्या प्लेटा मिळायला लागल्या, मग तर उजेड चांगला असेल तर सेकंदाचा तुकडा पुरायचा. आता मँडोलिनचं वेड अमेरिकेत कधी शिरलं? १८८०नंतर. त्या वर्षी ‘फिगारो’ नावाचं स्पॅनिश विद्यार्थी-वेषातलं वादकांचं पथक न्यूयॉर्कला आलं आणि तुफान गाजलं. गंमत म्हणजे त्यांच्या हातात मँडोलिन नव्हतंच, बांदुरिया होतं, तेही तारांचं पण वेगळं वाद्य. कार्लो कुर्ती नावाच्या इटालियन वादकाने संधी बघितली, तसेच कपडे घालून स्वतःचं पथक काढलं, हातात मात्र मँडोलिनं, आणि लोकांना फरक कळला नाही की कळूनही चाललं, देव जाणे. मुद्दा असा की लोकांच्या हातात मँडोलिन आलं तोवर पंधरा मिनिटांचा फोटो इतिहासजमा होऊन चाळीस वर्षं होत आली होती.

शिवाय हात स्थिर ठेवायलाच काही द्यायचं तर मँडोलिन कोण देईल? नेपल्सच्या पद्धतीचं मँडोलिन पाठीमागून पूर्ण गोल असतं, मांडीवर ठेवलं की घसरतं. खुर्चीचा हात होता की, टेबल होतं. आणि न हसण्याबद्दल एवढंच म्हणते, आपल्या आजी-आजोबांचा १९६०-६५चा लग्नातला फोटो काढून बघा. कॅमेरा तेव्हा डोळ्याची पापणी लवायच्या आत फोटो घ्यायचा, तरी दोघं असे उभे की जणू दंड भरायला आलेत. फोटोत गंभीर दिसायचं हा रिवाज होता, विषय संपला.

आता तो अर्धा खरा मुद्दा, प्रॉपचा. हो, स्टुडिओत प्रॉप असायचे. रंगवलेला पडदा, कागदी दगड, खोटा कठडा, आणि काही ठिकाणी वाद्यंसुद्धा. नट्यांची पोस्टकार्डं निघायची त्यात ‘इटालियन शेतकरीण’ म्हणून डोक्याला रुमाल बांधून हातात मँडोलिन देऊन उभं करायचे, जत्रेतल्या झटपट फोटोवाल्यांकडेही असलं सामान असायचं. पण यावरून ‘सगळेच खोटे’ हे कसं काय निघतं? आपल्याकडच्या जुन्या फोटोंत बायकांच्या हातात पुस्तक असतं, काही पुस्तकं स्टुडिओची असतीलही, म्हणून त्यातल्या कुठल्याच बाईला वाचता येत नव्हतं म्हणायचं का?

आणि ओळखायचं तर ओळखता येतं, फक्त फोटो झूम करायचे कष्ट घ्यायला हवेत. मँडोलिनची घोडी, म्हणजे तारा ज्याच्यावर टेकतात तो छोटा तुकडा, लाकडाला चिकटवलेली नसते. ती नुसती पोटावर उभी असते, आठ तारांच्या दाबाने जागेवर राहते, तारा सैल झाल्या की सरकते, तिरपी होते, कधी पडतेच. आणि ती नेमकी कुठे असायला हवी तेही ठरलेलं असतं, दांडीच्या टोकाला तारा जिथून सुरू होतात त्या वरच्या पट्टीपासून दांडीवरच्या बाराव्या पडद्यापर्यंत जेवढं अंतर तेवढंच बाराव्या पडद्यापासून घोडीपर्यंत, अगदी थोडंसं इकडेतिकडे. नेपल्सच्या मँडोलिनची तार साधारण तेरा इंचांची, म्हणजे अर्ध्यावर साडेसहा. आता फोटो स्क्रीनवर मोठा करा, मोजपट्टी लावा. (समोरून काढलेला असेल तरच हं, तिरपा असेल तर फसाल.) घोडी जागेवर आहे, आठही तारा ताणलेल्या दिसतायत, म्हणजे ते वाद्य कोणीतरी सुरात ठेवत होतं. घोडी पार खाली घसरलीय, दोन तारा गायब, एक लोंबतेय, तर ठीक आहे, स्टुडिओच्या कोपऱ्यातलं असेल, मी भांडणार नाही. मग उजवा हात बघा. पिक, म्हणजे तारा छेडायचा चपटा तुकडा, अंगठा आणि तर्जनीच्या बाजूमध्ये सैलसर धरलेलं, मनगट सुटं, तर तो हात सरावाचा आहे, कारण मँडोलिनचा सूर एका फटक्यात विरतो, तो लांबवायचा तर पिक खाली-वर भराभर फिरवत राहावं लागतं आणि आवळलेल्या मनगटाने ते मिनिटभरसुद्धा होत नाही. नवखा माणूस पिक पेन्सिलसारखं चिमटीत पकडतो नाहीतर पकडतच नाही. काही वाद्यांवर पिकच्या घासण्याने पॉलिश उडालेलं दिसतं, तेवढं झिजायला वर्षं लागतात.

डाव्या हाताची बोटं मात्र पुरावा म्हणून धरू नका. ‘बोटं कुठल्याच सुरावर नाहीत म्हणजे येत नाही’ असं त्या मेसेजखाली बरेच जण लिहितायत. अरे, माणूस फोटोसाठी बसलाय, वाजवत नाहीये! तबलजीचा फोटो बघून तुम्ही ‘कुठला ताल’ विचारता का?

आणि ग्रुप फोटोंचं काय करणार? १८९०पासून पुढे पंचवीस वर्षं अमेरिकेत गावोगावी मँडोलिन क्लब होते. हार्वर्ड, येल, प्रिन्स्टन इथे विद्यार्थ्यांचे क्लब, चर्चचे, कारखान्यांचे, न्यूयॉर्कमध्ये इटालियन आणि ज्यू वस्त्यांतले. या फोटोंत पुढच्या रांगेत मँडोलिन, पण कडेला बघा, मँडोलिनचीच मोठी, खालच्या आवाजाची भावंडं, मँडोला असतो, मँडोचेलो असतो, आणि १९१२ नंतरच्या काही फोटोंत मँडो-बास, उभा केला तर माणसाच्या छातीपर्यंत येणारा राक्षस. म्हणजे व्हायोलिनच्या घरातली सगळी भावंडं जशी असतात तसा हा पूर्ण संच, चार आवाजांत वाटून लिहिलेलं संगीत वाजवायला. कोणता फोटोग्राफर मँडोचेलो प्रॉप म्हणून विकत घेऊन ठेवेल, सांगा ना! या क्लबांसाठी ‘कॅडेन्झा’सारखी मासिकं निघत होती, त्यात नोटेशन छापून यायचं. आणि स्टुडिओचा प्रश्नच नाही असे तर ढीगभर फोटो आहेत. कोडॅकचा ब्राउनी कॅमेरा १९००साली एका डॉलरला आला, १९०३ला पोस्टकार्डाच्या मापाची फिल्म घेणारा कॅमेरा आला, मग घराच्या ओट्यावर, अंगणात, बाजूला कुत्रा, मागे वाळत घातलेले कपडे, आणि मधे मँडोलिन घेतलेला मुलगा. इथे प्रॉप कोणी आणून दिला, कुत्र्याने?

‘उलटं धरलंय’ हा मुद्दा मला सगळ्यात आवडला कारण तो दिसायला एकदम डिटेक्टिव्ह आहे. पण टिनटाइप नावाचा प्रकार असतो, पत्र्यावरचा फोटो, निगेटिव्ह वगैरे नाही, जे कॅमेऱ्यात उमटलं तेच तुमच्या हातात, आणि ते आरशासारखं उलटं. उजवा डावा दिसतो. यामुळेच बिली द किड या अमेरिकेतल्या नामचीन बंदूकबाजाला लोक कित्येक दशकं डावखुरा समजत होते. १८८०च्या आसपासचा त्याचा टिनटाइप, त्यात पिस्तूल डाव्या कमरेला. शेवटी कोणीतरी त्याच्या हातातली विंचेस्टर रायफल नीट बघितली, तिच्यात गोळ्या भरायची खिडकी उजव्या बाजूला असते आणि फोटोत ती डावीकडे दिसतेय, झालं, फोटोच उलटा. मँडोलिनलाही अशीच खूण आहे. ज्या मँडोलिनला पिक घासू नये म्हणून लावलेली पट्टी एकाच बाजूला असते, ती बारीक तारांकडे, म्हणजे वाजवताना तारांच्या खाली येते. माणूस डावखुरा दिसतोय पण पट्टी तारांच्या खालीच आहे? मग फोटो आरशातला आहे, माणूस उजखुरा. पट्टी वर गेलीय? तर त्याने खरंच उलटं धरलंय. कोटाची बटणंही सांगतात, पुरुषांच्या कोटाची डावी बाजू वर येते, फोटोत उजवी वर दिसली की समजायचं. मेसेजमधल्या कोलाजात डावीकडून दुसऱ्या गृहस्थाचा कोट बघा, मग बोलू.

श्रीमंतांचं वाद्य म्हणे. शिकागोची लायन अँड हीली कंपनी कारखान्यात हजारोंनी वाद्यं काढत होती, सीअर्स रोबक टपालाने विकत होती, कॅटलॉगमध्ये बूट, शेगडी आणि मँडोलिन, थोड्या डॉलरमध्ये घरपोच. महागडी होती, नाही असं नाही, मोत्याच्या शिंपल्याचं काम केलेली दिवाणखान्यातली. पण इटलीत सिसिली-नेपल्सकडे ते न्हाव्याच्या दुकानात भिंतीला टांगलेलं असायचं, गिऱ्हाईक नसलं की न्हावी काढून वाजवत बसायचा, आणि हीच मंडळी बोटीत बसून न्यूयॉर्कला गेली. मिशिगनमध्ये कॅलमझूला गिब्सन कंपनी १९०२ला सुरू झाली तिची तर विक्रीच मुळात वाद्य शिकवणाऱ्या मास्तरांमार्फत चालायची, मास्तर शिकवणार, मास्तरच हप्त्याने वाद्य देणार. वाजवणारे नव्हतेच तर हे मास्तर काय हवेला शिकवत होते?

आणि बायकांना परवानगी नव्हती हे वाचून मी कपाळावर हात मारला. उलटं आहे हो! इटलीची राणी मार्गेरिता स्वतः मँडोलिनची शौकीन, तिच्यामुळे फ्लॉरेन्सपासून सगळीकडे ते खानदानी घरांत गेलं. अमेरिकेत स्मिथ, वासर या मुलींच्या कॉलेजांत मँडोलिन क्लब होते. पोरींनी ते उचललं याचं कारण साधं होतं, तारा व्हायोलिनच्याच सुरात लागतात पण पडदे असल्यामुळे सूर आपोआप जागेवर पडतो, दोन महिन्यांत ओळखीची चाल निघते, व्हायोलिनवर तेवढ्या वेळात शेजारी भांडायला येतात. मुलीने वाद्य वाजवावं पण फार ‘कलाकार’ होऊ नये असं ज्या घरांना वाटायचं त्यांनाही ते सोयीचं पडलं, हा भाग मला आवडत नाही पण तो होता.

रेडिओने मारलं, हे पण घाईचं विधान. पिट्सबर्गचं केडीकेए स्टेशन १९२०च्या नोव्हेंबरात सुरू झालं, मँडोलिनची हवा त्याआधीच उतरायला लागली होती. नाचाचे हॉल भरायला लागले, जॅझ आलं, तिथे बँजोचा आवाज ऐकू जातो, मँडोलिनचा नाही. १९१५च्या सॅन फ्रान्सिस्कोच्या प्रदर्शनानंतर युकुलेलेचं खूळ निघालं, ते आणखी स्वस्त. गिब्सनने आपल्याकडच्या लॉइड लोअर या तज्ज्ञाकडून एफ-५ हे आजवरचं सगळ्यात नावाजलेलं मॉडेल १९२२ला काढलं ते नेमकं उतरत्या बाजारात. आणि मेलं म्हणता? १९२३ला बनलेल्या अशाच एका एफ-५वर बिल मनरोने पुढे ब्लूग्रास हा अमेरिकन लोकसंगीताचा प्रकार उभा केला. जपानमध्ये तर हागिवारा साकुतारो हा मोठा आधुनिक कवी मायेबाशीत मँडोलिनचा ग्रुप चालवायचा, त्याचे वाद्यासकट फोटो आहेत, आणि तिथल्या विद्यापीठांत मँडोलिन क्लब आजही चालू आहेत.

राहता राहिलं सरसोंचं शेत. तो हीरो खरंच नुसता धरून उभा आहे, हे कबूल. पण आपल्या मुंबईतच सज्जाद हुसेन नावाचे संगीतकार मँडोलिनवर राग वाजवायचे, मींड काढायची त्या पडद्यांवर म्हणजे खायचं काम नाही. लक्ष्मीकांत-प्यारेलालमधले लक्ष्मीकांत कुडाळकर पोरवयात मँडोलिन वाजवूनच पोट भरत होते. दक्षिणेत यू. श्रीनिवास यांनी इलेक्ट्रिक मँडोलिनवर कर्नाटक संगीत वाजवलं, नावाच्या आधी लोक ‘मँडोलिन’ लावायचे. गोव्यात तर घरोघर व्हायोलिन, गिटारसोबत हे असायचंच, चर्चच्या शाळेत पोरांना नोटेशन शिकवलं जायचं त्यामुळे हात बसलेला असायचा. माहीम, गिरगाव, मडगाव, म्हापसा इथल्या घरांत असे फोटो नक्की निघतील. कोणाकडे असेल तर स्कॅन करताना जरा जास्त रिझोल्यूशन ठेवा, घोडी आणि उजवा हात नीट दिसला पाहिजे, आणि मागची बाजू पण स्कॅन करा, स्टुडिओचा शिक्का बऱ्याचदा तिथेच असतो.