'आमच्या घराण्यात कुणालाच नाही': थॅलेसेमियाच्या तपासणीबद्दल एका आक्षेपाला उत्तर

नमस्कार. तुमचं म्हणणं असं: घराण्यात कुणाला थॅलेसेमिया (हिमोग्लोबिन नीट न बनण्याचा आनुवंशिक आजार) नाही, मुलीचं हिमोग्लोबिन ११ आहे, मग लग्नाआधी एचबी ए-२ (हिमोग्लोबिनचा एक प्रकार, याच्या प्रमाणावरून वाहक ओळखतात) तपासायला लावणं म्हणजे पत्रिकेत आणखी एक दोष घालणं, यातून स्थळं मोडतील. स्थळांची भीती खरी आहे, तिच्याकडे येतोच. पण पहिला मुद्दा धोक्याचा आहे.

मायनर, म्हणजे आईवडिलांपैकी एकाकडूनच हा दोष आलेल्या, माणसाला सहसा काहीच त्रास नसतो, म्हणूनच हा दोष घराण्यात पिढ्यान्‌पिढ्या कुणाच्या लक्षात येत नाही. नवराबायको दोघंही मायनर असतील तर प्रत्येक गरोदरपणात मूल मेजर, म्हणजे दोघांकडूनही दोष आलेलं आणि नेहमी रक्त चढवावं लागणारं, असण्याची शक्यता २५ टक्के. पहिलं निरोगी झालं म्हणून दुसऱ्या वेळी ती घटत नाही.

नुसत्या हिमोग्लोबिनवरून काही ठरत नाही. तोच सीबीसी (रक्तपेशींच्या मोजणीचा रिपोर्ट) पुन्हा उघडा. एमसीव्ही (तांबड्या पेशीचा सरासरी आकार) ८० च्या खाली, एमसीएच (पेशीतलं सरासरी हिमोग्लोबिन) २७ च्या खाली आणि तांबड्या पेशी मात्र ५० लाखांच्या वर असतील तर मायनरचा संशय घ्यायलाच हवा. अशा वेळी 'रक्त कमी आहे' म्हणून महिनोन्‌महिने लोहाच्या गोळ्या चालू राहतात, हे फार वाईट आहे.

पुढची तपासणी एचपीएलसी, म्हणजे हिमोग्लोबिनचे प्रकार वेगळे करून मोजणारी. जांभळ्या बुचाच्या नळीत दोन-तीन मिली रक्त पुरतं, उपाशी राहावं लागत नाही. ए-२ चार टक्क्यांच्या वर असेल तर बहुधा मायनर. ३.५ ते ४ मध्ये अडकलं तर घाईने निकाल लावू नका. लोह कमी असेल तर ए-२ खाली येतं, म्हणून फेरिटिनही (शरीरातला लोहाचा साठा) करा आणि लोह भरून आल्यावर पुन्हा तपासा. मागच्या तीन-चार महिन्यांत रक्त चढवलं असेल तर थांबा. परळला केईएमच्या आवारातल्या राष्ट्रीय संस्थेत (एनआयआयएच) रक्ताच्या अशा आनुवंशिक आजारांवर काम चालतं.

आता स्थळं. एकच जण मायनर असेल तर मूल मेजर होत नाही, फार तर मायनर होईल. म्हणजे रिपोर्ट हे नकाराचं कारण नाहीच. मात्र दुसऱ्याच्या रक्तात सिकल किंवा एचबी ई (हिमोग्लोबिनचे दुसरे आनुवंशिक दोष, मायनरशी जुळले तर मुलाला गंभीर आजार होऊ शकतो) नाही, हेही बघायला हवं. ते त्याच एचपीएलसीत दिसतं. 'हा सिंधी-लोहाणांचा आजार' म्हणणाऱ्यांनी विदर्भ-नंदुरबारमधला सिकल आठवावा. तपासणी कॉलेजच्या वयातच करा. रिपोर्ट मुलामुलीच्याच हाती राहू द्या, मध्यस्थाकडे नको.

लग्न आधीच झालं असेल तर गरोदरपणात नाव नोंदवतानाच नवऱ्याचंही रक्त द्या. दोघं मायनर निघाले तर गर्भाची तपासणी ११ ते १३ आठवड्यांत करता येते, आणि त्याआधी दोघांचे डीएनए रिपोर्ट हातात असावे लागतात. बायकोचा रिपोर्ट आल्यावर नवऱ्याला बोलावण्यात जे आठवडे जातात, तेच पुढे कमी पडतात.