तरंगा हलतोय की मी?

या हिवाळ्यात माझ्या गळाला लागलेली पहिली गोष्ट म्हणजे माझाच स्वेटर. उजव्या बाहीत, कोपराच्या जरा वर, हुक असा काही रुतला होता की बोलायची सोय नाही. पहाटेचे सहा, धरणावर धुकं एवढं की हातातल्या रॉडचं टोक दिसेना, बोटं गारठून लाकूड झालेली, आणि त्या बोटांनी लोकरीतून हुक सोडवायचा. हुकाला तो उलटा काटा असतो ना, तो मासा सुटू नये म्हणून दिलेला असतो, आणि स्वेटरच्या बाबतीतही तो आपलं काम तितक्याच निष्ठेने करतो.

सगळी चूक 'पहाटेच मासे लागतात' या एका वाक्याची. उन्हाळ्यात कुणीतरी सांगितलं, करून बघितलं, लागले की मासे. मग हिवाळ्यातही तेच चालणार असं मी परस्पर ठरवून टाकलं. पावणेपाचचा गजर. आत बनियन, त्यावर टीशर्ट, त्यावर शर्ट, त्यावर स्वेटर, त्यावर जॅकेट, कानटोपी, मफलर, मोज्यांवर मोजे. एवढं चढवलं की थंडी वाजत नाही हे खरं (नंतर कळलं की तेही खोटं), पण हात खाली येत नाहीत, अंगापासून लांबच राहतात, म्हणून जॅकेट काढून ठेवलं आणि बुजगावण्याने बॅडमिंटन खेळावं तसा गळ फेकला. रॉड मागे गेला, रॉड पुढे आला, हुक काही आला नाही.

बाहीचा वीतभर धागा घेऊन हुक एकदाचा सुटला. परत फेकला. धुक्यात कुठेतरी 'डुबुक' झालं. तरंगा (लाईनला बांधलेला, पाण्यावर तरंगणारा तो तुकडा, मासा लागला की हलतो) कुठे पडला ते दिसेना म्हणून मी आवाजाच्या दिशेने बघत बसलो, म्हणजे माझ्या अंदाजाने आवाज जिकडून आला असावा तिकडे. आता यातला विनोद असा की अशा पहाटे पाणी हवेपेक्षा गरम असतं. हवा रात्रीत झटकन गार होते, पाणी तेवढ्या लवकर उष्णता सोडत नाही, त्यामुळे पाण्यावर वाफ धरते आणि वरच्या गार हवेत तिचं धुकं होतं. म्हणजे त्या वेळी त्या परिसरात जरा उबेला असलेले सगळे पाण्यात होते आणि काठावर शहाणा एकटा मी.

आठच्या सुमाराला धुकं विरळ झालं आणि तरंगा दिसला. काठापासून चार हातांवर, गुडघाभर पाण्यात. दोन तास मी त्याच्यावरून पलीकडे बघत होतो!

ओढून घ्यायला गेलो तर लाईनची वेगळीच तऱ्हा. नायलॉन थंडीत ताठर होतं आणि रिळावर गुंडाळलेला आकार सोडत नाही, सरळ सुटायच्या ऐवजी स्प्रिंगसारखी वेटोळी घालत येतं. ती वेटोळी सोडवता सोडवता गाठ बसली, गाठ सोडवता सोडवता दुसरी बसली, शेवटी दातांनी लाईन तोडली आणि नवीन हुक बांधायला घेतला. बधिर बोटांनी हुकाच्या भोकात लाईन ओवणं हा प्रकार ज्यांनी केलाय त्यांना मी काय सांगणार, आणि ज्यांनी नाही केला त्यांनी करू नये. त्यात धरणातून पाणी सोडल्यामुळे काठ खाली गेलेला, माझा नेहमीचा दगड आणि पाणी यांच्यामध्ये आता तीस पावलं गाळ. वरून वाळलेला दिसतो, पाय ठेवला की बूट आत राहतो आणि आपण पुढे जातो.

नऊ ते अकरा हे दोन तास सगळ्यात वाईट. कारण या वेळात तरंगा हलत होता. खरंच हलत होता, बारीक, थरथर थरथर. मी दर वेळी झटका द्यायचो आणि हुक मोकळा यायचा, आमिष जसंच्या तसं. दहाबारा वेळा असं झाल्यावर लक्षात आलं की मीच कुडकुडतोय, माझी कुडकुड हातात, हातातली रॉडमध्ये, रॉडमधली लाईनमध्ये, आणि तिथून ती तरंग्यापर्यंत पोचतेय. बरं डोळेही कुडकुडतायत, त्यामुळे रॉड खाली ठेवून बघितला तरी तरंगा हलतच होता, आणि त्याच्यामागे धरणाची भिंतसुद्धा. मग ऊब यावी म्हणून मी काठावर जागच्या जागी उड्या मारल्या. शंभर. मोजून.

अकरा वाजता एक काका आले. हातात घडीची खुर्ची, काखेत रॉड, चेहऱ्यावर पूर्ण झोप झाल्याची कळा.

"कधीपासून बसलायस?"

"सहापासून, काका."

"कशाला?"

याला माझ्याकडे उत्तर नव्हतं.

"उड्या तूच मारत होतास ना मघाशी? वाटेवरनं दिसत होतं," काका म्हणाले. "माशाच्या दोन्ही अंगांना रेघ असते, पाण्यातला हादरा त्याला तिनं कळतो. त्यात थंडीत शेवाळ कमी, पाणी नितळ, म्हणजे तू दिसतोसही. हे आमिष केवढं लावलंयस? लिंबाएवढा गोळा! त्याला आठवडा जाईल एवढ्यात."

मी म्हटलं, भूक लागली तर खाईलच की.

"कुठली भूक?"

मग त्यांनी सांगितलं ते मी घरी येऊन वाचून ताडून घेतलं, आणि जितकं वाचलं तितकी लाज वाटली. आपण शरीरात भट्टी पेटती ठेवतो, बाहेर काहीही असो आत ३७ अंश. माशाचं अंग बहुतेक पाण्याइतकंच गार. पाणी १० अंशांनी उतरलं की त्याच्या शरीराचा कारभार साधारण निम्म्यावर येतो, हालचाल कमी, पचन कमी, भूक कमी. तिलापिया तर सोळा-सतरा अंशांच्या खाली जवळपास जेवणच टाकतो. कार्प खातो, पण उगाच तोंड हलवायचं म्हणून, आणि कार्पला म्हणे जठरच नसतं, घशातल्या दातांनी चावलेलं थेट आतड्यात! मी पाच तास ज्याच्या पोटावर भरवसा ठेवून बसलो होतो त्याला पोटच नाही. श्वासासाठी वर यायचीही त्याला गरज नाही, कारण गार पाण्यात ऑक्सिजन जास्त विरघळतो, १० अंशांना लिटरमागे ११ मिलिग्रॅमच्या वर आणि ३० अंशांना जेमतेम साडेसात. म्हणजे तो खाली नदीच्या बुडालेल्या जुन्या पात्रात निवांत पडून, अंथरुणातून हलत नाही, जेवायला उठत नाही. हे सगळं मी का केलं नाही?

काकांनी मला उचलून समोरच्या, उत्तरेकडच्या काठावर नेलं. हिवाळ्यात सूर्य दक्षिणेला कललेला, त्यामुळे त्या काठावर ऊन थेट पडतं आणि उत्तरेचा वारा उंचवट्यामागे अडतो. तिथल्या उथळ कोपऱ्यात काळा गाळ दुपारपर्यंत तापतो, पाणी एखाद-दुसरा अंश चढतं, तेवढ्यावर मासा फेरी मारायला येतो. माझी जागा दक्षिणेच्या उंच कडेखाली होती, दिवसभर सावलीत. उन्हाळ्यात मी ती याच कारणासाठी शोधून काढली होती.

"हुक बदल. चौदा नंबर लाव."

मी आठ नंबरचा लावला होता, म्हटलं चौदा म्हणजे केवढा मोठा असेल, एवढ्या मोठ्याला मासा येईल का? काकांनी माझ्याकडे जरा वेळ बघितलं. हुकाचा नंबर चढला की हुक लहान होतो, हे मला इतक्या वर्षांत कुणी सांगितलं नव्हतं आणि मीही दुकानात कधी नीट बघितलं नव्हतं. चौदा नंबर, त्याला अर्ध गांडूळ, बारीक लाईन.

"आणि आता गप बैस. थंडीत मासा तरंगा बुडवत नाही, नुसता स्पर्श करतो."

बसलो. ऊन पाठीवर आलं. मफलर काढला, कानटोपी काढली, मग स्वेटर. साडेबाराला तरंगा हलला. थरथर थरथर, तसाच. मी वैतागून म्हटलं झालं परत सुरू, आणि हाताकडे बघितलं तर हात स्थिर होता.

वीतभर कार्प होता. काका म्हणाले, "आधी हात भिजव, कोरड्या हाताने धरलास तर अंगावरचा बुळबुळीत थर निघतो त्याचा." म्हणजे दिवसभर ज्या पाण्यापासून हात वाचवले त्यातच ते घातले, हुक काढला, मासा सोडला. पळून वगैरे गेला नाही तो, सावकाश खाली गेला. दोनच्या आत काकांना तीन लागले आणि ते खुर्ची मिटून निघूनही गेले.

घरी आलो. बायकोने दारातच विचारलं, "किती मिळाले?"

"एक."

"कुठाय?"

"झोपायला गेला."

तिने उसवलेल्या बाहीकडे बघितलं, एकाच बुटाकडे बघितलं, आणि काही न बोलता बाजूला झाली. दुपारचे साडेतीन वाजले होते. मी पांघरूण डोक्यावरून घेतलं आणि सावकाश खाली गेलो.