‘जुनी वॅडकटर आहे, थोडी पावडर वाढवा’ म्हणणाऱ्यांना

जुन्या स्टॉकमधल्या वॅडकटरबद्दलचा (टार्गेटसाठीची चपट्या तोंडाची गोळी) एक लांबलचक मेसेज सोलापुरातल्या नेमबाजी करणाऱ्या पोरांमध्ये फिरायलाय. माझा भाचा हुतात्मा पकडून बालेवाडीला सेंटर फायर या पिस्तूल प्रकाराच्या प्रॅक्टिसला जातो, त्यालापण कुणीतरी पाठवला आणि तो विचारायलाय, मामा, खरंय का हे? म्हणून लिहायला बसलो.

मेसेजचं म्हणणं असं: जुन्या स्टॉकच्या .३२ वॅडकटरचा जोर गेलेला असतो, राउंड (काडतूस) उघडून थोडी पावडर वाढवा. नसेल मिळत तर .३२ एसीपी हे दुसरं काडतूस घाला, कॅलिबर (गोळीची जाडी) एकच. आणि चपट्या गोळीत तसं काही विशेष नाही, गोल नाकाची घेतली तरी तेच.

पावडरचं आधी, कारण यात पोरांचे हात जातील. बऱ्याच वॅडकटर मागून पोकळ असतात. मऊ शिसं, मागची भिंत पातळ, हलक्या दाबाने ती फुलते आणि बॅरलच्या आट्यांना घट्ट बसते, सगळी अचूकता तिथून येते. दाब वाढवला की ती भिंत फाटते, पुढचा तुकडा निघून जातो आणि मागची शिशाची कडी बॅरलमध्ये अडकून राहते. कागदावर भोक पडलेलं असतं, त्यामुळे शूटरला वाटतं सगळं ठीक आहे, रॅपिडमध्ये, म्हणजे भराभर गोळ्या मारायच्या टप्प्यात, तर बघायला वेळच नसतो, तो पुढचा ट्रिगर दाबतो आणि बॅरल फुगते नाहीतर फुटते. ही .३२ वॅडकटर ज्यात भरतात ते .३२ एस अँड डब्ल्यू लाँग हे १८९६ चं काडतूस आहे हो! अमेरिकेतली सामी ही काडतुसांची मानकं ठरवणारी संस्था, तिने याला कमाल दाब १५,००० पीएसआय (दर चौरस इंचाला पौंड) दिलाय. मुद्दाम कमी ठेवलाय. शिवाय लायसन्स नसताना घरी राउंड भरणं १९५९ च्या शस्त्र कायद्याखाली गुन्हा आहे, ते मेसेजवाल्याने सोयीस्कर गाळलंय.

एसीपीचं उत्तर त्याच सामीच्या तक्त्यात आहे: २०,५०० पीएसआय. केस, म्हणजे काडतुसाची पितळी खोळ, १७ मिलिमीटरची, लाँगची २३. रिव्हॉल्व्हरच्या चेंबरमध्ये एसीपी घुसते हे खरं, पण घुसते म्हणून चालते असं कुणी सांगितलं?

गोल नाकाची गोळी वॅडकटरच्या टार्गेट पिस्तुलात मॅगझिनलाच बसत नाही. वॅडकटर केसच्या तोंडाशी सपाट बसवलेली असते, मॅगझिन तेवढ्याच लांबीचं केलेलं असतं. कागदाचं म्हणाल तर चपटी गोळी पंच मारल्यासारखं गोल भोक पाडते, गोल नाकाची कागद फाडते. रेघेला टेकलं की वरचा पॉइंट मिळतो, तिथे फाटक्या कडेवर वाद होतात, मग भोक मोजायचा ९.६५ मिलिमीटरचा गेज घालून बघत बसा.

बरं, एक मान्य करतो. ओलीत पडून राहिलेले राउंड खरंच कमजोर होतात, कधी उशिरा उडतात. आवाज दबका आला की थांबायचं, पिस्तुलाचं तोंड टार्गेटकडेच ठेवायचं, रेंज ऑफिसरला हाक मारायची, पिस्तूल रिकामं केल्यावर बॅरलमधून रॉड घालून बघायचा, आणि तो डबा परत वापरायचा नाही. कोरड्यात नीट ठेवलेला जुना डबा असेल तर बिनधास्त वापरा, फक्त लॉट (एका वेळी बनवलेला माल) बदलला की ग्रुप, म्हणजे कागदावरचा भोकांचा पुंजका, सरकतो, तेव्हा मॅचच्या आधी त्याच लॉटवर साइट लावून घ्या.