प्रागच्या दफनभूमीत कोणीही उभं नाही

आमच्या मामांनी घरच्या ग्रुपवर परवा तिसऱ्यांदा तीच पोस्ट टाकली. एकमेकांवर रेललेल्या, दाटीवाटीने उभ्या दगडांचा फोटो आणि खाली मजकूर. प्रागच्या ज्यू वस्तीत जागाच नव्हती, म्हणून माणसं उभी पुरली, तीही एकावर एक बारा. नवा मुडदा आला की जुनी हाडं काढून टाकायची. दगडांवरचे सिंह आणि मासे ही त्यांची गुप्त दैवतं. १७८७ मध्ये इंचभरही जागा उरली नाही, तेव्हा कुलूप लागलं. आणि हिटलरने ही जागा मुद्दाम राखली, कारण त्याला तिथे ‘नामशेष वंशाचं संग्रहालय’ करायचं होतं.

मामा, फोटो खरा आहे. बाराचा आकडाही अगदीच हवेतला नाही, आणि १७८७ हे सालही बरोबर आहे. बाकीचं मात्र एकेक करून बघू, कारण मी त्या दफनभूमीत एक अख्खी सकाळ काढली आहे आणि ही पोस्ट वाचून माझा जीव खालीवर होतो.

आधी ते ‘उभं पुरणं’. ज्यू रीतीत मृतदेहाला स्नान घालतात, साधं पांढरं कफन नेसवतात (श्रीमंत असो की भिकारी, कापड तेच) आणि जमिनीत आडवं, पाठीवर निजवतात. प्रागमध्ये हे काम करणारं मंडळ, ‘हेव्रा कदिशा’, १५६४ पासूनचं. त्या मंडळाने १७७२ च्या सुमारास स्वतःच्या कामाची पंधरा चित्रं काढून घेतली, ती आजही तिथल्या संग्रहालयात आहेत. आजाऱ्याच्या उशाशी बसलेली माणसं, कफन शिवणाऱ्या बायका, कबर खणणारे, खांद्यावर आडवा मृतदेह घेऊन निघालेले काळ्या झग्यातले सभासद, आणि दफनभूमीतून बाहेर पडताना हात धुणारे. स्मशानातून आल्यावर आपण करतो तेच. यात कुठेही कोणी उभा मृतदेह खड्ड्यात सोडत नाही.

शिवाय साधा हिशेब करा. उभा माणूस साडेपाच फुटांचा. असे बारा थर म्हणजे मधली माती न धरताही सहासष्ट फूट. तिथली जमीन शेजारच्या रस्त्यापेक्षा काही मीटर वर आलेली आहे, तिला धरून ठेवायला भिंत बांधावी लागली आहे, हे खरं. पण पाच-सहा मजली डोंगर तिथे नाही. पोस्ट लिहिणाऱ्याने ‘उभी’ आणि ‘बारा’ यांतलं एक काहीतरी निवडायला हवं होतं.

आणि मामा तर अलिबागचे! शनवार तेल्यांच्या, म्हणजे कोकणातल्या बेने इस्रायली ज्यूंच्या, शेजारात वाढलेल्या माणसाने हे पुढे पाठवावं याचं मला खरंच नवल वाटतं. नवगावला बेने इस्रायलींची जुनी दफनभूमी आहे. गलबत फुटून सात पुरुष आणि सात बायका वाचल्या, बुडालेल्यांना तिथे दोन उंचवट्यांखाली पुरलं, पुरुष वेगळे आणि बायका वेगळ्या, ही गोष्ट मामांनीच मला लहानपणी सांगितली होती. त्यात उभं कोणी नव्हतं.

आता हाडांचं. इथे पोस्टने सत्य अगदी उलटं केलं आहे. पुरलेल्या माणसाला पुन्हा हलवायचं नाही, हा ज्यू धर्मशास्त्राचा कडक नियम. प्रागच्या समाजाने लगतच्या जमिनी वेळोवेळी विकत घेतल्या, तरी त्या पुरेनात. मग त्यांनी बाहेरून माती आणून जुन्या कबरींवर टाकली आणि त्या मातीत नवं दफन केलं. सोळाव्या शतकातल्या ‘शुल्हान आरुख’ या धर्मसंहितेत याला वाट आहे: एकावर दुसरं दफन करायचं तर मध्ये सहा मुठी जाडीचा मातीचा थर हवा. म्हणजे साधारण अर्धा मीटर. काही भागांत असे बारापर्यंत थर झाले, असं सांगतात. खालच्याला धक्का लावायचा नाही म्हणून थर झाले. हाडं काढून टाकायची असती तर एकच थर पुरला असता.

ते दगड इतके दाट का, तेही यातच आहे. नवा थर टाकताना खालच्या कबरीचा दगड मातीखाली गाडला जाऊ नये म्हणून तो उचलून वर आणून रोवायचे. खाली थरावर थर, आणि त्या सगळ्यांचे दगड वरच्या एकाच पातळीवर. सुमारे १२,००० दगड आज दिसतात. पंधराव्या शतकातल्या माणसाला सतराव्यातल्याचा दगड खेटलेला असतो, आणि माती बसत गेली तसे ते कलले. मी एका ठिकाणी पाच दगड मोजले, एका हाताच्या अंतरात. मधल्याची अक्षरं वाचायची तर मान तिरकी करूनही जमेना.

गंमत म्हणजे हाडं काढून जागा करायची पद्धत युरोपात होती, पण ती ख्रिस्ती दफनभूमींत. प्रागपासून गाडीने तासाभरावर सेडलेत्सला हजारो माणसांच्या हाडांनी सजवलेलं चॅपल आहे, तिथे झुंबरसुद्धा हाडांचं. प्रागच्या ज्यू दफनभूमीतली हाडं हलली ती १९०३ मध्ये, शहराच्या नव्या आखणीत तिचा एक तुकडा गेला तेव्हा. ती हाडंही आतच, तान्ह्या बाळांना पुरत त्या नेफेले नावाच्या टेकाडात पुन्हा पुरली.

‘गुप्त दैवतं’ वाचून तर हसूच आलं. मूर्तीला एवढा कडवा विरोध असलेला धर्म दुसरा शोधावा लागेल. ती चित्रं म्हणजे चक्क नावं आणि आडनावं. सिंह म्हणजे यहूदा किंवा लेव, लांडगा म्हणजे झेव, मासा म्हणजे कार्पेलेस. १६१३ मध्ये वारलेला इतिहासकार आणि खगोलज्ञ डाव्हिद गान्स याच्या दगडावर हंसासारखा पक्षी आहे, कारण जर्मनमध्ये ‘गान्स’ म्हणजे बदकाच्या जातीतला तो मोठा पक्षी. आशीर्वादाला पसरलेले दोन पंजे दिसले की कोहेन म्हणजे पुरोहितांचं घराणं, पाण्याची सुरई दिसली की त्यांच्या मदतनिसांचं, लेवींचं, कात्री दिसली की शिंपी. आपल्याकडे दारावर पाटी लावतात तसं. धर्मगुरू रब्बी लेव (मृत्यू १६०९) यांच्यासारख्या मोठ्यांच्या कबरींवर घराच्या आकाराची दगडी पेटी असते. तिच्यातही कोणी ठेवलेलं नाही, पेटी पोकळ आहे आणि माणूस खाली मातीत. लोक तिच्यावर खडे ठेवतात आणि खड्याखाली घडी घातलेल्या चिठ्ठ्या. मी गेलो तेव्हा एका चिठ्ठीवर बसचं तिकीट टाचलेलं होतं.

कुलूप जागा संपली म्हणून लागलं नाही. सम्राट दुसरा योसेफ याने आरोग्याचं कारण देऊन शहराच्या आत दफन करायला बंदी केली, आणि ती ख्रिस्त्यांनाही होती. ज्यूंकडे शहराबाहेर झिझकोव्हला १६८० च्या प्लेगपासूनची दुसरी दफनभूमी होतीच. १७८७ नंतर ते तिथे पुरू लागले. या दुसऱ्या जागेची पोस्ट कोणी करत नाही. १९६० च्या सुमारास तिच्या मोठ्या भागावर बाग केली, आणि १९८५ पासून उरलेल्यातल्या काही कबरी उखडून तिथे टीव्हीचा मनोरा उभारला. दफनभूमीची विटंबनाच दाखवायची होती तर फोटो त्या मनोऱ्याचा हवा होता.

हिटलरची गोष्ट सगळ्यांत जास्त पसरलेली, म्हणून थोडं सावकाश. ज्यू संग्रहालय प्रागमध्ये १९०६ पासून आहे, ज्यूंनीच काढलेलं. १९४२ मध्ये नाझी अमलाखाली त्याचं ‘मध्यवर्ती ज्यू संग्रहालय’ झालं, पण ती कल्पना मांडली ज्यू समाजाच्याच कर्मचाऱ्यांनी. बोहेमिया आणि मोराव्हिया या चेक प्रांतांतल्या गावागावांतून माणसं छळछावण्यांत पाठवली जात होती आणि मागे सिनगॉगमधल्या (ज्यू प्रार्थनास्थळांतल्या) वस्तू बेवारशी पडत होत्या. त्या निदान एका ठिकाणी याव्यात, हा हेतू. नाझी अधिकाऱ्यांनी आपल्या कारणांसाठी परवानगी दिली. ‘नामशेष वंशाचं संग्रहालय’ हे शब्द मात्र त्या काळच्या कोणत्याही नाझी कागदात सापडलेले नाहीत. ते युद्धानंतरचे आहेत. ज्या अभ्यासकांनी त्या वस्तूंवर एकेक करून क्रमांक घातले, नोंदी केल्या, त्यांतले बहुतेक स्वतः छावण्यांत मारले गेले. पोस्टमध्ये त्यांचं सगळं श्रेय हिटलरला गेलं आहे.

दफनभूमीकडे जायची आजची वाट पिंकास सिनगॉगमधून आहे. त्याच्या भिंतींवर मारल्या गेलेल्या सुमारे ८०,००० जणांची नावं हाताने लिहिली आहेत. आडनावं लाल, पुढे नाव आणि तारखा काळ्या, मध्ये बोटभर जागा नाही. दुरून ती भिंत राखाडी दिसते. यांतल्या बहुतेकांना कबर मिळाली नाही, म्हणून नावं भिंतीवर.