क्रेडिट मिळालं, पण लागलं कुठे?

जुलैत एपीचे निकाल लागले त्या दिवशी संध्याकाळी एका मैत्रिणीचा फोन आला. (एपी म्हणजे अमेरिकेत हायस्कूलच्या मुलांनी द्यायच्या कॉलेज-पातळीच्या परीक्षा. गुण १ ते ५, आणि चांगले मिळाले तर कॉलेजचं क्रेडिट मिळू शकतं, म्हणजे तो कोर्स झाला असं धरतात.) आनंद आवाजात मावत नव्हता. "ताई, सहा पेपर दिले होते माझ्या मुलाने. दोनमध्ये ५, तीनमध्ये ४ आणि एकात ३. कॉलेजचं एक वर्ष वाचलंच की!" मी मनापासून अभिनंदन केलं आणि विचारलं, "तो ज्या युनिव्हर्सिटीत जाणार आहे तिथे हे कुठल्या कोर्सच्या जागी धरतात, बघितलंस का?" पलीकडे शांतता. मग हळूच, "म्हणजे काय? क्रेडिट मिळालं की मिळालं ना?"

चौदा वर्षांपूर्वी मीही अगदी हेच विचारलं होतं. उत्तर कळेपर्यंत माझी दोन सेमिस्टर्स गेली होती. म्हणून आज जरा सविस्तर लिहितेय. ज्यांची मुलं अमेरिकेत हायस्कूलला आहेत त्यांनी वाचाच, पण त्याहून जास्त मला वाचायला हवे आहेत ते घर, नोकरी सांभाळून इथे पुन्हा शिकायला निघालेले लोक.

इथे बॅचलर्सच्या पदवीला साधारण १२० क्रेडिट्स लागतात, आणि एक कोर्स बहुतेकदा तीन क्रेडिट्सचा असतो. पण १२० आकडा भरला की पदवी मिळाली, असं नसतं. मिसळणाच्या डब्यासारखं आहे ते. एक वाटी मेजरची, म्हणजे मुख्य विषयाची, एक जनरल एज्युकेशनची, म्हणजे सगळ्यांना सक्तीच्या सर्वसाधारण विषयांची, एक फ्री इलेक्टिव्हची, म्हणजे आपल्या आवडीच्या कुठल्याही विषयांची. मोहरीच्या वाटीत हळद चालत नाही. एपीचा, सीएलईपीचा (वर्गात न बसता नुसती परीक्षा देऊन कॉलेजचं क्रेडिट मिळवायची सोय) किंवा आधीच्या कॉलेजातला कोर्स 'स्वीकारला' असं पत्र येतं तेव्हा तो डब्यात आला एवढंच कळतं. कुठल्या वाटीत पडला ते बऱ्याचदा पत्रात नसतं. आणि फ्री इलेक्टिव्हची वाटी बऱ्याच प्रोग्रॅम्समध्ये लहान असते.

माझं असं झालं. भारतातलं बी.कॉम. घेऊन आले होते, पण इथे अकाउंटिंगमध्ये पुढे जायचं तर इथली पदवी हवी होती. मुलगी लहान, नवऱ्याची नोकरी फिरतीची. कम्युनिटी कॉलेजात संध्याकाळचे वर्ग सुरू केले. तीन वर्षं लागली, पण असोसिएट, म्हणजे एरवी दोन वर्षांची असणारी पदवी झाली. मग एका सरकारी युनिव्हर्सिटीत ट्रान्सफर. पत्र आलं, '५७ क्रेडिट्स स्वीकारले आहेत.' आम्ही घरात पेढे वाटले.

पुढच्या महिन्यात ॲडव्हायझरने डिग्री ऑडिट, म्हणजे पदवीतलं काय झालं आणि काय राहिलं याचा तक्ता, काढून समोर ठेवलं. ५७ पैकी २१ क्रेडिट्स फ्री इलेक्टिव्हच्या रकान्यात होते आणि माझ्या प्रोग्रॅममध्ये फ्री इलेक्टिव्हला जागा होती फक्त सहाची. उरलेले १५, म्हणजे पाच विषय, अधांतरी. त्यात स्टॅटिस्टिक्सही होतं. कारण? माझ्या कॉलेजात तो कोर्स गणित विभाग शिकवायचा, त्यांच्याकडे बिझनेस विभाग. पुस्तक तेच होतं, फक्त माझ्याकडची आवृत्ती एकने जुनी. सिलॅबस, असाइनमेंट्स, परीक्षेचे पेपर, सगळं जोडून अर्ज केला. एक विषय मान्य झाला. चार पुन्हा करावे लागले.

त्या स्टॅटिस्टिक्सच्या वर्गात मी पंधरा आठवडे बसले आणि ए ग्रेड घेऊन बाहेर आले. त्या पंधरा आठवड्यांत मला नवीन असं काहीही कळलं नाही. पैसे गेले त्याचं दुःख आता उरलेलं नाही. मंगळवार-गुरुवार संध्याकाळी लेक खिडकीत उभी राहायची, ते अजून आठवतं.

बरीच वर्षं मला वाटायचं, आपलंच काहीतरी चुकलं असेल. फॉर्म नीट भरला नसेल, इंग्रजी कमी पडलं असेल. मग २०१७ साली अमेरिकी सरकारच्या जीएओ या तपासणी संस्थेचा अहवाल वाचला. २००४ ते २००९ या काळात कॉलेज बदललेल्या विद्यार्थ्यांचा त्यात अभ्यास होता, आणि अंदाज असा की त्यांचे सरासरी ४३ टक्के क्रेडिट्स वाया गेले. ४३ टक्के! तो आकडा वाचून मी रडले. लाज वाटायला नको होती मला इतकी वर्षं.

माझं म्हणणं साधं आहे. माणसाला विषय येतो की नाही, एवढं बघा. तो कुठे शिकला, कुणाच्या वर्गात बसला, दिवसा शिकला की रात्री, हे नंतर. आणि येत असेल तर ते क्रेडिट पदवीत नेमकं कुठे बसणार हे प्रवेशाची फी घेण्याच्या आधी, लेखी सांगा. फी भरून झाल्यावर, वर्ग सुरू होण्याच्या तोंडावर नव्हे.

म्हणूनच मला सीएलईपीबद्दल खास आपुलकी आहे. एपीचा एवढा बोलबाला असतो, पण एपी मुख्यतः हायस्कूलच्या मुलांसाठी, तीही वर्षातून एकदाच, मे महिन्यात. सीएलईपी १९६७ पासून आहे, एपी घेणाऱ्या कॉलेज बोर्ड या संस्थेचीच परीक्षा, ३४ विषय, आणि वयाची अट नाही. कुठल्याही वर्गात नाव घातलेलं असण्याची गरज नाही. बहुतेक पेपर दीड तासाचे. गुण २० ते ८० मध्ये मिळतात आणि अमेरिकन कौन्सिल ऑन एज्युकेशन ही कॉलेजांची संघटना बहुतेक विषयांना ५० ला क्रेडिट द्यावं अशी शिफारस करतं. नापास झालात तर तीन महिन्यांनी पुन्हा देता येते. परीक्षेची फी अजूनही शंभर डॉलरच्या आत आहे, परीक्षा केंद्र घेतं ते शुल्क वेगळं. मॉडर्न स्टेट्स नावाची ना-नफा संस्था ऑनलाइन कोर्स फुकट शिकवते आणि तो पूर्ण केला की परीक्षेच्या फीचं व्हाउचरही देते. सैन्यात असलेल्यांना तर पहिल्या प्रयत्नाची फीच नाही.

मी अमेरिकेच्या इतिहासाचा पेपर असाच दिला, १८६५ नंतरचा. दोन महिने भांडी घासताना लेक्चर्स ऐकली. शेवटचं बटण दाबलं आणि स्क्रीनवर लगेच आकडा आला, ६३. पार्किंग लॉटमध्ये गाडीत बसून दहा मिनिटं नुसती हसत होते. तीन क्रेडिट्स, एक अख्खा कोर्स, आणि तो ऑडिटमध्ये योग्य रकान्यात पडला. कारण या वेळी मी आधी विचारलं होतं.

आता दुसरी बाजूही मांडायला हवी, कारण तिच्यात तथ्य आहे. डार्टमथ कॉलेजने २०१४ च्या शरद ऋतूपासून येणाऱ्या विद्यार्थ्यांना एपीचं क्रेडिट देणं बंद केलं. त्याआधी त्यांच्या मानसशास्त्र विभागाने एपीत ५ मिळालेल्या मुलांना आपल्या प्राथमिक कोर्सच्या अंतिम परीक्षेसारखी एक परीक्षा दिली, आणि दहातली नऊ मुलं त्यात नापास झाली. हे मी नाकारत नाही. मे महिन्यात पाठ केलेलं सप्टेंबरात उडून जातं हे आपल्याला कुणी शिकवायला नको. पण मला एक विचारायचं आहे. त्याच कॉलेजात तो कोर्स पूर्ण केलेल्या मुलांना उन्हाळ्याच्या सुट्टीनंतर तीच परीक्षा अचानक दिली, तर किती पास होतील? त्यांचं क्रेडिट कुणी परत मागत नाही. घ्यायचीच असेल तर स्वतःची परीक्षा घ्या, जरूर घ्या. पण ती देण्याची संधी तरी द्या.

आणि हे जमू शकतं. टेक्सासने २०१५ साली कायदा केला की सरकारी कॉलेजांनी एपीत ३ गुणांना क्रेडिट द्यायचं. एखाद्या कोर्सला जास्त गुण हवे असतील तर ते का हवेत हे पुराव्यानिशी ठरवण्याची जबाबदारी कॉलेजची. फ्लोरिडात सरकारी कॉलेजांचे कोर्स नंबरच सामाईक आहेत. इंग्रजी लेखनाचा पहिला कोर्स कम्युनिटी कॉलेजात ईएनसी ११०१ आणि युनिव्हर्सिटीतही ईएनसी ११०१. तिथे असते तर माझं स्टॅटिस्टिक्स गणित विभागाचं की बिझनेसचं, हा वाद बहुधा उद्भवलाच नसता.

पालकांनो, एक कळकळीचं सांगते. क्रेडिटच्या हव्यासापोटी मुलांना आठ-आठ, दहा-दहा एपी घ्यायला लावू नका. रात्री दोनपर्यंत जागणारी मुलं मी बघते आणि पोटात तुटतं. शिवाय काही ठिकाणी ती क्रेडिट्स उपयोगी पडतच नाहीत. ब्राउन युनिव्हर्सिटीत पदवीसाठीच्या कोर्सच्या संख्येत एपी धरत नाहीत. मेडिकलला जायचं असेल तर बऱ्याच मेडिकल स्कूल्सना बायोलॉजी-केमिस्ट्री कॉलेजातच केलेली हवी असते. माझ्या लेकीला एपीच्या कॅल्क्युलस बीसी पेपरात ५ होते, तरी कॉलेजच्या कॅल्क्युलसच्या दुसऱ्या कोर्सबद्दल ती म्हणाली, "आई, मला कॅल्क टू परत करायचंय, माझा पाया डळमळतोय." तिने केलं, आणि मला तिचा अभिमान वाटला. आपल्याला येत नाही हे तिने स्वतः ओळखलं होतं. मला येत होतं, आणि तरी माझ्यावर सक्ती झाली होती. दोन्हींत जमीन-अस्मानाचा फरक आहे.

एक गोष्ट मात्र मनाला लागते. परभाषांसाठी सीएलईपीत फ्रेंच, जर्मन, स्पॅनिश आहेत. एपीत त्यांच्याशिवाय इटालियन, चिनी, जपानी आणि लॅटिन. मराठी कुठेच नाही. दर रविवारी आपल्या मुलांना जोडाक्षरं शिकवणारे किती शिक्षक आहेत इथे, पगार न घेता! तेही शिक्षणच आहे की.

असो, मैत्रिणीकडे येते. रविवारी ती मुलाला घेऊन आली. एपीचे गुण आपोआप कॉलेजला जात नाहीत, पाठवावे लागतात, हेही त्यांना माहीत नव्हतं. २० जूनपर्यंत एका कॉलेजला फुकट पाठवता येतात, ती तारीख निघून गेली होती. तिघांनी मिळून ॲडव्हायझरला ईमेल लिहिली. सहाही विषय, प्रत्येकाचे गुण, आणि प्रत्येकापुढे एकच प्रश्न: मेकॅनिकल इंजिनिअरिंगच्या ऑडिटमध्ये हा कुठल्या कोर्सच्या जागी बसेल? काल उत्तर आलं. तीन विषय बसले, दोन फ्री इलेक्टिव्हमध्ये गेले. फिजिक्सबद्दल विभागाला विचारा म्हणालेत. त्याने सिलॅबस आणि लॅबची वही शोधून ठेवली आहे, सोमवारी भेटायला जाणार आहे.