खुर्ची निवडायची ती उठून बघून

नागपुरातल्या बऱ्याच घरांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर सध्या एक मेसेज फिरतोय. त्याचं म्हणणं थोडक्यात असं: वयस्कर माणसांची बैठक जितकी मऊ आणि खोल तितका आराम, ती बुटकी असावी, म्हणजे पडलं तरी लागत नाही, खुर्चीला हात असले की गुडघे आळशी होतात, आणि ऐपत असेल तर रिक्लायनरच घ्या, पायांची सूज जाते. लोक चांगल्या मनाने पुढे पाठवतात. पण तो वाचून घरातली टणक, हातांची लाकडी खुर्ची अडगळीत जाते आणि तिच्या जागी खोल सोफा येतो, म्हणून हे लिहिणं भाग आहे.

आधी मऊपणा. खोल सोफ्यावरून आजी उठतात कशा, ते एकदा नीट बघा. दोन्ही हात गादीवर दाबून पुढे सरकायला जातात, तर हातच गादीत रुततात. पाय मागे घ्यावेत तर सोफा खालून बंद, टाच फळीला अडते. मग दोनदा पुढे-मागे झुलून पाहतात, टीपॉयचा काठ धरतात, आणि शेवटी सून हात धरून ओढते. उठताना तळपाय गुडघ्यांच्या जरा मागे आणि छाती पुढे यावी लागते. वजन पायांवर आलं की मगच अंग वर जातं. मऊ गादीत कंबर गुडघ्यांच्या खाली जाते आणि हे सगळंच अवघड होतं. शिवाय बैठक खोल असली की पाठ टेकण्यासाठी माणूस घसरून बसतो आणि कणा वाकतो. पाठ पूर्ण टेकल्यावर बैठकीची कड आणि गुडघ्याची मागची बाजू यांत दोन-तीन बोटं जागा उरली, की खोली बरोबर.

बुटक्या बैठकीचा सल्ला तर उलटाच आहे. वयस्कर माणसं बसता-उठताना पडतात, आणि बैठक जितकी खाली तितका गुडघ्यांवर आणि मांड्यांवर भार जास्त. खुब्याचं ऑपरेशन झालेल्यांना सुरुवातीच्या आठवड्यांत कमी उंचीवर बसू नका असं सांगतात, ते उगाच नाही. बहुतेकांना ४३ ते ४८ सेंटिमीटर उंची सोयीची पडते. पण टेप घेऊन मोजाच: घरात घालतात त्या चपला पायात ठेवून, जमिनीपासून गुडघ्यामागच्या घडीपर्यंत. साधारण तेवढीच बैठक उंच हवी. खुर्चीची उंचीही माणूस बसलेला असताना मोजा, कारण फोम दबतो. फार उंचही नको. पाय लोंबकळले की मांडीखाली कड रुतते.

खुर्चीच्या हातांमुळे गुडघे दुबळे होतात? पायांची ताकद पाहायची ३० सेकंदांची उठ-बस चाचणी हातांचा आधार न घेता करतात, हे खरं. पण ती टणक, सरळ पाठीच्या खुर्चीवर, खुर्ची भिंतीला लावून, कोणीतरी शेजारी उभं राहून. व्यायाम तसाच सोबतीने, फिजिओथेरपिस्टला विचारून करावा. रात्री लघवीला उठणाऱ्या काकाजींची परीक्षा कशाला? खुर्चीचे हात बैठकीच्या पुढच्या कडेपर्यंत आलेले हवेत, मुठीत धरता येतील असे.

रिक्लायनरबद्दल एवढंच: पाय उंच ठेवल्याने सूज तात्पुरती उतरते, पण दिवसभर त्यात पडून राहिलं तर पोटऱ्यांची हालचाल थांबते. एकाच पायाला अचानक सूज आली तर खुर्ची नको, डॉक्टर हवा.

आपल्याकडच्या काही गोष्टी त्या मेसेजमध्ये नाहीत. मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो तेव्हा रेक्झिन घामाने अंगाला चिकटतं. सुती, घट्ट बसणारं कव्हर घाला, सरकणारी चादर नको. आणि बंगई, म्हणजे घरातला झोपाळा. तिच्यावर बसण्यातलं सुख मी कोणाकडून काढून घेणार नाही, पण उठताना ती मागे जाते, तेव्हा कोणीतरी कडी धरून ठेवावी. प्लॅस्टिकच्या हलक्या खुर्चीवर भार देऊन उठताना ती गुळगुळीत फरशीवर सरकते, आणि अंगणात उन्हात ठेवलेली कालांतराने ठिसूळ होते.

नवीन घ्यायलाच हवी असंही नाही. गादीखाली प्लायवूड, जास्त घनतेचा फोम आणि सुताराकडून पायांना घट्ट बसवलेले ठोकळे, एवढ्यात बरेच जुने सोफे सुधारतात. विकत घेणार असाल तर आईला दुकानात घेऊन जा, दहा-पंधरा मिनिटं बसू द्या, आणि उठताना तिचा हात धरू नका. फक्त जवळ उभे राहा.