विलायतेतली अ‍ॅम्बॅसिडर

"आरं, हे तर अँबॅशेटरचं इंजान हाय!"

मेस्त्री हे म्हणाले तेव्हा कोल्हापुरात रात्रीचे साडेनऊ वाजले होते. इंग्लंडातल्या रेडिंगमध्ये दुपारचे चार, पण डिसेंबर असल्यामुळे अंधारून आलेलं. पाऊस होताच. मी एका हातात फोन आणि दुसऱ्यात बॅटरी धरून, 1973 सालच्या एमजीबी जीटीच्या बॉनेटखाली डोकं घालून उभा होतो. आयुष्यातली पहिली स्पोर्ट्स कार घेतली होती आणि ती कुणाला तरी कौतुकाने दाखवायची होती. बायकोने "बघितली" एवढंच म्हटलं होतं. मुलगी खिडकीतून बघून परत आत गेली होती. उरले मेस्त्री.

मेस्त्रींचं गॅरेज उद्यमनगरात. आमच्या अण्णांची 1978 ची अ‍ॅम्बॅसिडर वीस वर्षं त्यांनी जगवली, म्हणजे वर्षातले चार महिने ती त्यांच्याकडेच असायची. मला आठवतं त्याप्रमाणे आमच्या घराचं अर्धं उत्पन्न उसातून यायचं आणि तेवढंच मेस्त्रींकडे जायचं.

"नाही हो मेस्त्री," मी म्हटलं, "ही एमजी आहे. स्पोर्ट्स कार."

"आसंल. पण त्यो बगलेला डिस्ट्रिब्युटर बघ, त्ये वरचं रॉकरचं झाकण बघ. म्या डोळं झाकून उघडतो ह्ये. विचार जा कुणाला बी."

विचारलं. म्हणजे शोधलं. मेस्त्रींचं शंभर टक्के खरं निघालं. ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशनने बी-सिरीज नावाचं एक इंजिन काढलं. त्यातलं 1,489 सीसीचं बंगालमधल्या उत्तरपाड्याला गेलं आणि अ‍ॅम्बॅसिडरमध्ये बसलं, ते बरीच वर्षं तिथेच राहिलं. त्याच घराण्यातलं 1,798 सीसीचं, दोन कार्बोरेटर लावून, एमजीबीत बसलं. एक भाऊ कलेक्टर कचेरीत चिकटला, दुसरा पँट घट्ट करून सिनेमात गेला, इतकाच फरक.

हे अण्णांना कळवणं भाग होतं, कारण मेस्त्रींनी आधीच कळवलं होतं. अण्णांचा फोन आला. त्यांनी गाडीची किंमत विचारली. मी 1,400 पौंड सांगितले. त्यांनी मनात रुपये केले. मग बराच वेळ काही बोलले नाहीत.

"मी जी विकून सुटलो," ते शेवटी म्हणाले, "ती तू विलायतेत जाऊन विकत घेतलीस?"

घेतली कशी, तेही सांगतो. जाहिरात होती: "90 टक्के काम झालेलं, फक्त जुळणी बाकी." जुन्या गाड्यांच्या जाहिराती वाचायची एक वेगळी विद्या आहे आणि वधू-वर सूचक मंडळाची पत्रकं वाचत मोठ्या झालेल्या माणसाला ती यायला हवी होती. "किंचित दोष चालणाऱ्यांनीच लिहावे" हे वाक्य आपण किती सावधपणे वाचतो! आणि इथे "थोडा वरवरचा गंज" वाचून मी शनिवारी सकाळी दोन तास गाडी चालवत गेलो.

विकणारा सत्तरीचा सज्जन म्हातारा होता. चहा दिला, बिस्किटं दिली. त्याने ही गाडी एकोणीस वर्षांपूर्वी 'प्रोजेक्ट' म्हणून घेतली होती. गाडीचा रंग कंपनीच्या कागदात 'हार्वेस्ट गोल्ड' असा नोंदलेला आहे. म्हणजे पिठलं. त्यातही आदल्या रात्रीचं. पण आकार! 1965 साली हिचं छप्पर इटलीच्या पिनिनफारिनाच्या मदतीने रेखलं, ते अजून बघत राहावं असं आहे. मी बघत राहिलो. म्हाताऱ्याची बायको दारात उभी राहून हसत होती. लेक सासरी जाताना आई रडते. ही बाई हसत होती आणि ट्रक गल्लीच्या टोकाला वळेपर्यंत हात हलवत होती, याचा अर्थ मला तेव्हाच लागायला हवा होता.

हो, ट्रक. गाडी स्वतः आली नाही, तिला आणलं.

आता गंजाबद्दल. एमजीबीला चासिस नसते. पत्र्याचीच पेटी, आणि दारांखालून जाणाऱ्या दोन पोकळ पट्ट्या, ज्यांना इकडे सिल म्हणतात, तो तिचा कणा. या पट्ट्या आतून कुजतात. बाहेरून रंग चकचकीत, आत रामराम. मी एका रविवारी स्क्रूड्रायव्हरने हलकेच टोचून पाहिलं. श्रीखंडात चमचा जावा तसा तो मुठीपर्यंत आत गेला. ओढून काढला तर बरोबर लांबीचा, म्हणजे भोकं बुजवायच्या पुट्टीचा, एक मोठा तुकडा निघाला. लांबीच्या मागे चुरगळून कोंबलेलं वर्तमानपत्र होतं, 1991 सालच्या वेस्ट इंडीजच्या इंग्लंड दौऱ्याची बातमी असलेलं. म्हणजे पस्तीसेक वर्षं ही गाडी क्रीडापानावर उभी होती.

मेस्त्रींना दाखवलं. त्यांना गंजापेक्षा त्याचं कारण झेपेना.

"हितं हिवाळ्यात रस्त्यावर मीठ टाकतात, मेस्त्री. बर्फ धरू नये म्हणून."

"मीठ? रस्त्यावर?"

"हो. ट्रकने."

"गाडीचं लोणचं घालाय लागल्यात व्हय रं?"

वेल्डर शोधला. त्याने गाडी उचलून खालून पाहिली आणि तोंडाने तो आवाज काढला, जो जगातले सगळे कारागीर दर सांगण्याआधी काढतात. दात आणि ओठ यांच्यामधून हवा आत. हा आवाज मी उद्यमनगरात ऐकलाय, पुण्यात प्लंबरकडून ऐकलाय. बिल गाडीच्या किमतीपेक्षा जास्त झालं. त्याची समजूत अशी, की आता हे पुढची तीस वर्षं बघायला नको. मी माझं वय आणि तीस यांची बेरीज केली आणि गप्प बसलो.

यात एक सापळा आहे आणि तो बाहेरच्या माणसाला दिसत नाही. या गाडीचा प्रत्येक भाग आजही नवा मिळतो. 1962 ते 1980 या काळात एमजीबी पाच लाखांवर निघाल्या, त्यामुळे सुट्या भागांचा धंदा जोरात आहे. दाराची रबरं, डॅशबोर्डाचे स्विच, सगळं. अख्खी बॉडीसुद्धा नवी कोरी मिळते. एखादी गोष्ट मिळत नसती तर मी थांबलो असतो. अण्णा असेच थांबले होते. इथे रात्री अकराला अंथरुणात पडून दोन बोटांनी वॉटर पंप मागवता येतो आणि तो परवा सकाळी दारात येतो. बायकोला सांगायचं, "मुलीच्या शाळेचं काहीतरी." पार्सल हातात घेताना ती म्हणायची, "बरंच जड आहे रे शाळेचं."

पहिला आठवडा तर हत्यारांतच गेला. माझ्याकडचे पाने सगळे मिलिमीटरचे. तेराचा ढिला, बाराचा बसत नाही. मी जोर लावून दोन नटांची डोकी गोल केली. मेस्त्री ओरडले, "इंची हाय त्ये! आर्धा इंची घे, न्हाईतर नऊ-सोळाचा. चार सूत म्हंजे आर्धा, शिकीवलं न्हवतं व्हय तुला?" शिकवलं होतं. सातवीच्या सुट्टीत अण्णांनी मला शिस्त लागावी म्हणून गॅरेजात बसवलं होतं आणि मी तिथे फक्त चहा आणत असे. इंजिनिअरिंग करून सव्वीस वर्षं झाली, त्यात सूत कुठे आलं नाही.

इंची नट वेगळे ठेवायला डबा हवा होता. आमच्या मसाल्याच्या डब्यात सात वाट्या आहेत आणि नटांचे प्रकारही नेमके सातच निघाले. त्या संध्याकाळी घरात जे झालं ते इथे लिहीत नाही. आता आमच्याकडे मसाल्याचे डबे दोन आहेत. तरी एकदा पोह्यांत वॉशर सापडला.

क्लच हे या गाडीचं खास दुखणं. क्लच प्लेट ताटाएवढीसुद्धा नाही, पण ती बदलायची तर इंजिन बाहेर काढावं लागतं. असं का केलं, हे विचारायला आता कुणी नाही. क्रेन भाड्याने आणली आणि महाराष्ट्र मंडळातले तिघे मित्र बोलावले. तिघेही सॉफ्टवेअरमधले. एकाने येण्याआधी कामांची एक्सेल शीट पाठवली, त्यात 'जोखीम' असा रकाना होता. प्रत्यक्षात इंजिन साखळीवर लोंबकळून वर आलं, हळूच फिरलं आणि हेडलाइटच्या दिशेने झुकलं, तेव्हा चौघांच्याही तोंडून एकच गोष्ट निघाली: "गणपती बाप्पा!" शेजारच्या बाई कुत्रा घेऊन जाता जाता थांबल्या. त्यांना वाटलं काही धार्मिक चाललंय. चुकीचं नाही वाटलं.

इंजिन परत आत जायला दोन महिने लागले, कारण शीटमध्ये 'परत बसवणे' ही एकच ओळ होती.

मधल्या काळात पेट्रोलचं कळलं. 2021 पासून इथल्या साध्या पेट्रोलमध्ये दहा टक्के इथेनॉल असतं आणि ते जुन्या रबरी नळ्या खातं. मग महागातलं घालायचं. हे मी अण्णांना तक्रारीच्या सुरात सांगितलं. अण्णा शेतकरी माणूस, कारखान्याचे सभासद. "आमच्याकडं वीस टक्के आहे," ते म्हणाले, "आणि ऊस आमचाच आहे. नळ्या बदल तुझ्या."

सरकारची मात्र कृपा. गाडी चाळीस वर्षांपुढची आणि फारशी बदललेली नसेल तर इथे वार्षिक तपासणी माफ, रोड टॅक्सही माफ. मला आधी हा मोठेपणा वाटला. नंतर लक्षात आलं, ज्याच्याकडे ही गाडी आहे त्याला आणखी त्रास देऊन काय मिळणार, असा तो विचार असावा.

आणि मग जूनमधल्या एका रविवारी ती चालू झाली. चोक ओढला, किल्ली फिरवली. मागून पेट्रोल पंपाची टिकटिक आली, मग एक खोकला, मग सगळी मिळून अशी काही गरजली की बायको हातातलं टाकून बाहेर आली. पांढरा धूर ओसरल्यावर ती दिसली. "चल," मी म्हटलं. "हिला माहेरी नेऊन आणू."

माहेर म्हणजे अ‍ॅबिंग्डन. एमजीचा कारखाना तिथेच होता, 1980 च्या ऑक्टोबरमध्ये बंद पडला. आमच्यापासून फार लांब नाही. रस्ता शेतांतून जातो, ऊन होतं, काचा खाली केल्या होत्या. बायकोच्या केसांना पेट्रोलचा वास लागत होता, पण ती चक्क गुणगुणत होती. तिसऱ्यातून चौथ्यात टाकताना आपण फार वेगात आहोत असं वाटायचं. तेवढ्यात एका व्हॅनने आम्हाला ओलांडलं. तिच्यावर शिडी बांधलेली होती.

क्लिफ्टन हॅम्पडन नावाच्या गावात सिग्नलला थांबलो आणि गाडी बंद पडली. किल्ली फिरवली. टिकटिक नाही.

मागे रांग. हॉर्न कुणी वाजवला नाही. हा या देशाचा गुण, आणि त्याने जास्तच लाजल्यासारखं होतं. मागच्या गाडीतून एक आजोबा उतरले. वाटलं, आता ऐकवणार. त्यांनी छपरावर हात ठेवला. "माझ्याकडे होती," ते म्हणाले. ही गाडी घेतल्यापासून प्रत्येक म्हाताऱ्याकडे होती. प्रत्येकाने विकली, प्रत्येकाला चूक वाटते, आणि त्यातला एकही परत घेत नाही. पण धक्का मात्र त्यांनी मनापासून मारला.

गवताच्या कडेला गाडी लावून मेस्त्रींना व्हिडिओ कॉल लावला. त्यांची वामकुक्षी चालली होती. बनियनवर उठून बसले.

"टिकटिक येती?"

"नाही."

"पंप कुटं हाय?"

"मागे, उजव्या चाकापाशी. खालून."

"मग झोप की खाली. आन् ठोक. जीव जाईल आसं न्हवं, झोपल्याला उठीवतो तसं."

ठोकायला काही नव्हतं. सगळी इंची हत्यारं घरी, मसाल्याच्या डब्याशेजारी. मी रस्त्यावर उताणा पडून हात लांबवला आणि बायकोने न बोलता पायातली चप्पल काढून हातात दिली. कोल्हापुरी. खास मागवलेली, करकर वाजणारी. तिने किल्ली फिरवली, मी दोनदा ठोकलं.

टिक. टिक. टिक टिक टिक टिक.

"आली का?" मेस्त्री विचारत होते. "आता बंद करू नगंस. वाटंत कुटं थांबू नगंस. सरळ घर गाठ."

त्यामुळे माहेर आम्ही चालत्या गाडीतून पाहिलं. अ‍ॅबिंग्डनात शिरलो, एक गोल वळसा घातला. बायको म्हणाली, "हे असेल बहुतेक," तेवढ्यात ते मागे गेलं आणि आम्ही परतीला लागलो. लाल सिग्नलला मी अ‍ॅक्सिलरेटर दाबून धरायचो आणि ती हिरव्यासाठी पुटपुटायची.

घरी आलो तरी गाडी बंद करायचा धीर होईना. दारात तशीच धडधडत उभी होती. तेवढ्यात अण्णांचा फोन. मेस्त्रींनी कळवलं असणारच. मी बोलणी खायची तयारी ठेवली.

"चालू आहे का?" त्यांनी विचारलं.

"आहे."

"फोन जरा जवळ धर."

मी बॉनेट उघडून फोन इंजिनाजवळ धरला. "रेज कर," ते म्हणाले. केलं. "सोड." सोडलं. पलीकडे अजिबात आवाज नव्हता. फोन कट झाला की काय म्हणून मी कानाला लावला, तर पंख्याची घरघर ऐकू येत होती आणि अण्णांचा श्वास. मी पुन्हा फोन इंजिनाशी धरला. दोन मिनिटं तरी गेली असतील. पेट्रोल महागातलं होतं, तरी धरून ठेवला.

"टॅपेट वाजतायत," अण्णा म्हणाले. "उघडून बघ."